सायकलवाल्याने रस्त्याच्या फायलीत कधी आणि कुठून शिरायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात पिंप्राळ्याकडे राहता, एमआयडीसीत नोकरी आहे, जमेल तेव्हा सायकलनेच कामावर जाता आणि रविवारी ग्रुपबरोबर लांब फेरी मारता. शहराच्या वाहतूक नियोजनासाठी स्वतःचा वेळ द्यायची तयारी आहे. पण नेमकं कुणाकडे जायचं, आपलं कुणी ऐकून घेईल का, आणि निवेदन देऊन फोटो काढण्यापलीकडे त्यातून काही निघतं का, हे तुम्हाला हवं आहे.

निघतं. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो आणि आता खान्देशातल्या गावांमध्ये लोकांच्या बाजूने हेच काम करतो. टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगतो. सायकलवाल्यांचं ऐकलं जात नाही त्याचं मोठं कारण अधिकाऱ्याचा विरोध हे नसतं. सायकलवाले उशिरा पोचतात, हे असतं. डांबर पडलं, दुभाजक बसला, फीत कापली, की मग निवेदन येतं. तोवर कुणाच्याच हातात काही उरलेलं नसतं. एस्टिमेट बनत असताना तेच निवेदन आलं असतं तर दोन ओळींत काम झालं असतं. म्हणून पुढे जे सांगतो ते सगळं वेळेवर पोचण्याबद्दल आहे.

सगळ्यात आधी, रस्ता कुणाचा ते शोधा. तुमचा रोजचा मार्गच घ्या. पिंप्राळ्यातून निघता तो रस्ता महापालिकेचा. पुढे सुरत–नागपूर महामार्ग लागतो, तो राष्ट्रीय महामार्ग. अजिंठा चौफुलीवरून पुढे एमआयडीसीत शिरलात की वसाहतीतल्या रस्त्यांचा कारभार आणखी वेगळा. एका फेरीत तीन मालक! महापालिकेत जाऊन महामार्गावरच्या खड्ड्याबद्दल भांडलात तर तिथला अभियंता मनापासून सांगेल की रस्ता आमचा नाही, आणि तो खरंच बोलत असेल. भुसावळला यात रेल्वेची भर पडते, कारण रेल्वे वसाहतीतले रस्ते रेल्वेचे. ग्रामीण भागात ढोबळ वाटणी अशी की राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. किलोमीटरचा दगड बघा: डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. पण दगडावर पूर्ण भिस्त ठेवू नका. रस्त्याचा दर्जा बदलतो आणि दगड जुनाच राहतो. शंका असेल तर बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात रस्ते नोंदवही असते, तिथे विचारा.

जळगावकरांना हा मालकीचा घोळ नवा नाही. महामार्गालगतच्या समांतर रस्त्यांसाठी शहरातल्या लोकांना आंदोलन करावं लागलं, त्यात महामार्गावर शहराचा हक्क किती आणि जबाबदारी कुणाची हाच प्रश्न होता. आता पाळधी ते तरसोद बायपासमुळे तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. बायपास झाला की शहरातला जुना महामार्ग हळूहळू स्थानिक रस्ता होत जातो. धुळ्याचा आग्रा रोड बघा. एकेकाळी मुंबई–आग्रा वाहतुकीचा रस्ता, आज भर बाजारपेठ. असा रस्ता एका यंत्रणेकडून दुसरीकडे जातो तेव्हा त्याचा आडवा छेद, म्हणजे कुठल्या वापराला किती मीटर, हे पुन्हा मांडायची संधी असते. ती वारंवार येत नाही. तुमच्यासारख्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट कुठली असेल तर ही.

आता रस्त्याचं काम कसं जन्माला येतं ते सांगतो. सगळी किल्ली त्यात आहे. मागणी येते, शाखा अभियंता प्राथमिक अंदाजपत्रक करतो, प्रशासकीय मान्यता मिळते, मग सविस्तर अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. सविस्तर अंदाजपत्रक होईपर्यंत रुंदी, गटार, साइडपट्टी (डांबराच्या कडेची मातीची पट्टी), फलक, पट्टे यांत फेरफार करणं अभियंत्याला सोपं असतं. निविदा निघाली की प्रत्येक बदल ‘जादा बाब’ होतो, त्याला वरची मंजुरी लागते, आणि ऑडिटच्या धास्तीने कुणी त्याला हात लावत नाही. जिल्ह्यातली बरीचशी कामं जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली, म्हणजे सरकारी खर्चाच्या खात्यांखाली होतात. आमदार-खासदार निधीतून होतात ती वेगळी. महापालिका आणि नगरपालिकांची अंदाजपत्रकाची गडबड साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असते. प्रत्यक्ष कामं दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपवायची घाई असते. तेव्हा तुमचा खरा हंगाम पावसाळ्याचा. खड्डे दिसत असतात, लोक बोलत असतात आणि पुढच्या वर्षीच्या याद्या तयार होत असतात.

आणखी एक आतली गोष्ट. अभियंता अंदाजपत्रक करतो ते शासनाच्या दरसूचीवरून, म्हणजे कुठल्या कामाला किती दर या ठरलेल्या यादीवरून. तुम्ही मागितलेली गोष्ट दरसूचीत असेल तर तो एक ओळ वाढवतो. नसेल तर त्याला दर पृथक्करण करावं लागतं, म्हणजे नवा दर स्वतः मांडून काढावा लागतो, कोटेशनं मागवावी लागतात, आणि ते बहुधा राहूनच जातं. साइडपट्टीला मुरमाचा भराव आणि दबाई, थर्मोप्लास्टिकचे पट्टे, कॅट-आय (रात्री दिव्यात चमकणारे रस्त्यावरचे खडे), सूचना फलक, गटाराची जाळी ही सगळी नेहमीची कामं आहेत. ‘शहर सायकलस्नेही करा’ या मागणीला दरसूचीत जागा नाही. ‘अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत डाव्या बाजूची साइडपट्टी डांबराच्या कडेला समतल करा’ याला आहे.

साइडपट्टीचं तर मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण खान्देशातला सायकलवाला तिथेच पडतो. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर येतो, पण कडेची माती तिथेच राहते. काळ्या मातीच्या पट्ट्यात ती पावसात खचते, उन्हाळ्यात भेगाळते. डांबराची कड आणि माती यांत चार बोटं, कधी वीतभर फरक पडतो. मागून ट्रक हॉर्न देत येतो, सायकलवाला कडेला घेतो, पुढचं चाक कडेवरून घसरतं आणि माणूस आडवा होतो, तोही बहुतेक वेळा डांबराच्या बाजूला. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात केळीचा हंगाम जोरात असताना उभं राहून बघा. साइडपट्टीवर केळीच्या गाड्या लागलेल्या, आणि सायकलवर दुधाच्या कॅनी लावलेला माणूस गाडीला वळसा घालून थेट वाहत्या रहदारीत. अशाच एका दूधवाल्याने मला म्हटलं होतं, “रस्ता मोठा व्हयना भाऊ, पन आमनी सायकलले जागा कोठे शे?” म्हणजे, रस्ता मोठा झाला, पण आमच्या सायकलला जागा कुठे आहे? रुंदीकरणाच्या प्रत्येक बैठकीत मी हे वाक्य जसंच्या तसं सांगतो.

आता मोजणी. तुमच्या हाती असलेलं सगळ्यात भारी साधन हेच, आणि त्याला पैसा लागत नाही. अभियंत्याच्या फायलीत वाहनांची गणना असते. तिच्यात सायकलचा रकाना असला तरी तो कुणी जीव लावून भरत नाही. मग ‘सायकली आहेतच कुठे’ असं म्हणायला सगळे मोकळे. देशाची २०११ची जनगणना सांगते की शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते. जनगणनेचा प्रवासाचा बी-२८ हा तक्ता जिल्हावार आहे. तो काढून आपल्या जिल्ह्याचा आकडा पत्रात घाला. पण तो जुना झाला, शिवाय त्यात शाळेत जाणारी पोरं नाहीत. म्हणून स्वतः मोजा.

पद्धत साधी. एक चौफुली निवडा. दोघं-तिघं मिळून सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ उभे राहा. एमआयडीसीच्या रस्त्यावर शिफ्ट सुटण्याची वेळ चुकवू नका. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखा. दिशा लिहा, आणि माणूस कोण तेही: शाळेचा मुलगा, शाळेची मुलगी, कामगार, बाई, वयस्कर, मागे ओझं असलेला. उलट्या दिशेने येणारे वेगळे मोजा. या शेवटच्या रकान्यातून रस्त्याचा दोष बाहेर पडतो. चौपदरीकरणात दुभाजक सलग बांधला आणि वळायची जागा लांब ठेवली, की पलीकडच्या वस्तीतला माणूस लांबचा वळसा मारायला तयार होत नाही. तो उलट्या बाजूने येतो. बैठकीत त्याला बेशिस्त म्हणून मोकळे होतात. तुमच्या कागदावर एकाच तासात एकाच ठिकाणी उलट येणारे ढीगभर लोक दिसले, की मग बोलणं शिस्तीवरून वळणाच्या जागेवर, भुयारी मार्गावर, सेवा रस्त्यावर येतं. एक कामाचा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस मोजलात तरी पुरे. तारीख, वेळ, हवामान लिहा, मोजणाऱ्यांच्या सह्या घ्या आणि फोटो जोडा. फोटोत मुलांचे चेहरे येणार नाहीत हे सांभाळा.

मागायचं काय? इथे माझं मत ठाम आहे आणि बऱ्याच सायकल ग्रुपना ते पटत नाही. अर्धा किलोमीटर लाल रंगाचा ट्रॅक मागू नका. सुरुवात नाही, शेवट नाही अशा पट्टीवर महिन्याभरात मोटरसायकली लागतात, मग हातगाड्या, आणि पुढच्या वेळी सायकलचं नाव काढलं की तीच पट्टी पुरावा म्हणून दाखवली जाते. बाजारातल्या अरुंद रस्त्यावर वेगळा ट्रॅक बसतच नाही. तिथे गाड्यांचा वेग ३०च्या आत आणला की सायकल आणि मोटर एकत्र चालतात. वेगळी जागा लागते ती ५०च्या वर गाड्या धावतात तिथे, म्हणजे महामार्गाच्या कडेला, एमआयडीसीकडे, गावाहून शाळेकडे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) सायकल मार्गांसाठी स्वतंत्र संहिता आहे, आयआरसी ११, तिची सुधारित आवृत्ती २०१५ची. पादचाऱ्यांसाठी आयआरसी १०३ आहे. पत्रात संहितेचा क्रमांक दिला की अभियंत्याला वरिष्ठांपुढे आधार मिळतो. त्याला तो हवाच असतो.

गतिरोधकाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे रातोरात डांबराचा ढीग टाकून जे उंचवटे होतात त्यांना कुठलंच मोजमाप नसतं, आणि सायकलवर मागे बसलेलं पोर त्यावरून अक्षरशः उडतं. आयआरसीच्या मापाचा गतिरोधक म्हणजे १७ मीटर त्रिज्येचा कंस, ३.७ मीटर लांब आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच. गाडी त्यावरून साधारण २५च्या वेगाने विनाधक्का जाते. सोबत मीटरपट्टी घेऊन जा, तुमच्या गल्लीतला मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून द्या. शाळेजवळचा गतिरोधक काढा म्हणू नका, मापात करा म्हणा.

दुसरी गोष्ट गटाराच्या जाळीची. एका तालुक्याच्या गावात नवा काँक्रीट रस्ता झाला. कडेला पाणी जायला लोखंडी जाळ्या बसवल्या, पण पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच. दोन पट्ट्यांमधली फट सायकलच्या टायरएवढी. मोटरसायकलचं चाक वरून निघून जातं, सायकलचं आत अडकतं. शाळेतली पोरं पडायला लागली तेव्हा तिथल्या शिक्षकांनी मला बोलावलं. कामाच्या फलकावर दोष निवारणाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, लिहिलेला होता आणि तो अजून संपलेला नव्हता. आम्ही एका पानाचं पत्र दिलं, एका जाळीवर सायकलचं चाक उभं करून काढलेला फोटो जोडला. ठेकेदाराने जाळ्या उचलून काटकोनात फिरवून बसवल्या. नवीन खर्च काही नाही. असा फलक प्रत्येक कामावर असायला हवा. त्यावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि हा कालावधी असतो. दिसला की फोटो काढून ठेवत जा.

सावलीची मागणी मात्र छोटी समजू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. रुंदीकरणात रस्त्याकडेचे कडुनिंब, चिंच, वड तुटले की तो रस्ता दुपारी सायकलसाठी संपला असं धरा. दुपारची शिफ्ट करणाऱ्याला पर्याय नसतो, तो तसाच जातो. झाडं वाचवून सायकलची वाट झाडांच्या पलीकडून काढता येते का हे आराखड्यातच विचारायला हवं. नवीन लावायचीच असतील तर दक्षिणोत्तर रस्त्यावर पश्चिमेच्या बाजूला लावा म्हणावं, दुपारनंतरची सावली रस्त्यावर पडते. शोभेच्या झुडपांनी सायकलवाल्याचं काही भागत नाही.

हे झालं एकेका कामाचं. त्याच्या वर शहराचा विकास आराखडा असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्यानंतर त्या आराखड्याच्या नियोजन समितीपुढे सुनावणी होते. लोक हरकत घेतात ती आपल्या प्लॉटवरच्या आरक्षणाची. रस्त्याबद्दल सूचना देणारा माणूस विरळा, म्हणून त्याचं लक्ष देऊन ऐकलं जातं. आराखड्यात ‘१८ मीटर रस्ता’, ‘२४ मीटर रस्ता’ एवढंच असतं. त्या १८ मीटरांत कुणाला किती हे लिहिलेलं नसतं. तुमची सूचना तिथे हवी: शाळा, बसस्थानक, एमआयडीसी यांना जोडणाऱ्या अमुक रस्त्यांचा आडवा छेद सायकल आणि पादचाऱ्यांसकट अहवालात नमूद करावा. शिवाय नाल्याकाठच्या आणि रेल्वेलगतच्या पट्ट्या, जिथे मोटारीला जागा नाही पण सायकलला आहे, त्या नकाशावर रंगवून द्या. सुनावणीला स्वतः हजर राहा. पाच मिनिटं मिळतात, ती प्रास्ताविकात घालवू नका.

पुण्यात २०१७ साली महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८००हून अधिक किलोमीटरचं जाळं कागदावर आलं. कागद आणि रस्ता यांत तिथेही बरंच अंतर राहिलं. पण कागद असल्यामुळे तिथला नागरिक ‘तुमच्याच आराखड्यात आहे’ असं म्हणू शकतो. जळगाव, धुळे, नंदुरबारला आधी तो कागद हवा. आपली शहरं त्यासाठी सोयीची आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंतर सायकलच्या आवाक्यातलं, चढ-उतार फारसे नाहीत. जुन्या धुळ्यातल्या नंबरच्या गल्ल्या सरळ, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या आहेत. मुख्य रस्ता टाळून समांतर गल्लीतून सायकलची वाट काढायला असं गाव मिळायला भाग्य लागतं.

समित्यांबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ खाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग, महामार्गवाले, महापालिका सगळे एका टेबलाला बसतात, त्यामुळे ‘रस्ता आमचा नाही’ हे तिथे फार वेळ चालत नाही. सदस्यत्व मिळेपर्यंत थांबू नका. बैठकीच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात आपला विषय लेखी द्या आणि विषयपत्रिकेवर घ्यायची विनंती करा. मुद्दा अपघातप्रवण स्थळाचा असेल तर व्याख्या माहीत हवी. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, झाले तर त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात. सायकलवाला पडतो, खरचटतं, उठून निघून जातो, त्याची नोंद कुठेच होत नाही. ही नोंद ठेवणं तुमच्या ग्रुपला सहज जमेल: तारीख, जागा, कशामुळे. वर्षभराची वही समितीपुढे ठेवली की मृत्यू होईपर्यंत थांबायची गरज उरत नाही.

२०१९च्या दुरुस्तीने याच कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम माहीत असू द्या, पण पहिल्याच पत्रात धमकीसारखं वापरू नका. ज्या उपअभियंत्याबरोबर तुम्हाला पाच वर्षं काम करायचंय त्याला पहिल्याच दिवशी आरोपी केलंत, तर तो प्रत्येक कागद वकिलाच्या नजरेने वाचेल.

पत्र एका पानाचं. विषय एकच. किलोमीटर किंवा दोन ठळक खुणांमधलं अंतर, फोटो, मोजणीचा आकडा, संहितेचा क्रमांक आणि नेमकी मागणी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मग पंधरा दिवसांनी संयुक्त पाहणीची विनंती करा. संयुक्त पाहणी झाली की तिचं टिपण होतं, टिपण फायलीत लागतं, आणि अधिकारी बदलून गेला तरी फाईल राहते. पाहणीला अभियंत्याला सायकलवर बसवता आलं तर फारच उत्तम, निदान दोनशे मीटर पायी चालवा. गाडीतून ती कड दिसत नाही. लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथे वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात, धोरणाचा विषय तिथे नेऊ नका. माहिती अधिकार शेवटी ठेवा असं काही जण म्हणतात. मी म्हणतो गरज पडेल तेव्हा, पण नम्रपणे: महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, एक विषय, दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांत उत्तर. मागायचं ते अंदाजपत्रक, आडवा छेद आणि कार्यारंभ आदेश. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहिलेला अर्ज वाया जातो.

आता तुमच्या ग्रुपबद्दल. हेल्मेट, जर्सी, चांगली सायकल असलेली माणसं कार्यालयात गेली की खुर्ची मिळते. ही सवलत वापरा, पण तुम्ही ज्यांच्या वतीने बोलता आहात ते पहाटे पन्नास किलोमीटर मारणारे नाहीत. ते जिनिंगवर जाणारे मजूर आहेत, दीपनगरच्या वीज केंद्रात शिफ्टला जाणारे कंत्राटी कामगार आहेत, धुणी-भांडी करणाऱ्या बाया आहेत. बैठका अकरा वाजता, कामाच्या दिवशी. त्यांनी यायचं तर रोज बुडतो. म्हणून तुम्हीच संध्याकाळी गेटवर जाऊन त्यांच्याशी बोला. कुठे भीती वाटते, कुठे उतरून ढकलत न्यावी लागते, अंधारात कुठला टप्पा टाळता, एवढं विचारून नाव-सहीसकट लिहून घ्या. तुमच्या ग्रुपला हव्या असलेल्या गोष्टींची यादी त्यानंतर बहुतेक बदलेलच.

आणि मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. आपल्या तिन्ही जिल्ह्यांतले तालुके त्यात आहेत. म्हणजे कुठल्या गावातून कुठल्या शाळेत मुली सायकलने जातात याची यादी सरकारकडेच तयार आहे! पण ती यादी शिक्षण विभागाकडे आणि रस्त्याची यादी बांधकाम विभागाकडे, दोन्ही एका टेबलावर येत नाहीत. ते काम स्वयंसेवकाने करावं. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून फक्त गावं आणि संख्या घ्या, नकाशावर रेघा ओढा. दोन-तीन गावांच्या रेघा जिथे महामार्ग ओलांडतात तो तुमचा पहिला प्रस्ताव. गावाकडचे रस्ते असतील तर ग्रामसभेचा ठराव जोडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्या असतात. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव भागात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला जास्त वजन आहे. रेल्वे फाटक बंद करून खाली बोगदा करणार असतील तर ठरावात पाणी उपसण्याची आणि दिव्याची अट घाला. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलं की सायकलवाल्या मुलीची शाळा तिथेच थांबते.

वेळ किती लागेल असं विचारलंत तर महिन्यातून दोन-तीन संध्याकाळी आणि एखादा अर्धा दिवस रजा, एवढं धरून चाला. एकट्याने करू नका. तीन-चार जण असावेत, त्यात निदान एक बाई आणि एक नोकरदार नसलेला, म्हणजे दिवसा कार्यालयात जाऊ शकेल असा. कागदांची एकच फाईल ठेवा आणि ती कुणाच्या घरी आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या. निवडणुकीच्या काळात उमेदवार मंचावर बोलावतील. सगळ्यांना तेच एक पान द्या, कुणाचाही गमछा गळ्यात घालू नका. पुढच्या पाच वर्षांत दार कुणाचं ठोठवावं लागेल ते आज सांगता येत नाही.

सुरुवात तुमच्याच मार्गावरून करा. पिंप्राळा ते एमआयडीसी या पट्ट्यात कुठला तुकडा कुणाच्या ताब्यात आहे ते लिहून काढा, आणि अजिंठा चौफुलीवर शिफ्ट सुटताना एकदा मोजणी करा. चौफुलीवर उभं राहताना दुकानाच्या पायरीवर किंवा फुटपाथवर राहा, रस्त्यावर नको, आणि वाहतूक पोलिसाला आधी सांगून ठेवा. ते दोन कागद झाले की पाठवा, पहिलं पत्र कुठल्या कार्यालयाला आणि कुठल्या शब्दांत द्यायचं ते मी लिहून देतो.